काळ्या मातीत सोन्याचा शोध

इंदूरहून महूकडे निघालं की शहर मागे पडतं आणि काळं रान सुरू होतं. सोयाबीनची कापणी झाली आहे, शेत मोकळं आहे. अशा शेतात कुणाचं मंगळसूत्र तुटून पडलं, की मेटल डिटेक्टर आणला जातो आणि हौसेनं सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, शेवटच्या खुणेपर्यंत चढवली जाते. मशीन पावलापावलावर वाजू लागतं. सोनं मात्र कुठेच नसतं.

वाजते आहे ती माती. माळव्याची ही माती बेसॉल्टचा खडक झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची तारेच्या वेढ्यांची चकती, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यानं धातूत विजेचे भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल परत कॉइलला लागते. पण मॅग्नेटाइटही प्रतिसाद देतोच, आणि तो तर कॉइलच्या अगदी पोटाखाली पसरलेला!

आता हिशेब पाहा. क्षेत्र जाताना अंतराच्या घनानं विरतं, परत येतानाही तसंच. बारीक वस्तू दुप्पट लांब गेली, की सिग्नल साधारण 64 पटींनी घटतो. म्हणजे सेन्सिटिव्हिटी दुप्पट केलीत, तरी खोली वाढणार जेमतेम 12 टक्के. मातीचा गोंगाट मात्र पुरता दुप्पट. माझं तर स्पष्ट मत आहे, काळ्या रानात बटण खाली आणणाराच जास्त खोलवरचं ऐकतो.

म्हणून आधी धातू नसलेली जागा शोधा. तिथे कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळणारी जुळणी, साधा. कॉइल वर असो वा खाली, आवाज सारखाच राहिला पाहिजे. मग बडबड थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. पाऊस पडून ओल बदलली, तर हे सगळं पुन्हा. कॉइल जमिनीला समांतर आणि अगदी जवळ ठेवा. ती चार बोटं वर धरलीत, तर ती चार बोटं थेट खोलीतून वजा होतात.

आसपासचं लोखंडही दूर हवं. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला आणि गोळी सापडली नाही. तेव्हा फावडं बाजूला ठेवा, खिशातला मोबाइल बंद करा, विजेच्या तारांखालून लांब राहा.

मंगळसूत्राच्या बारीक साखळीचा आवाज फार क्षीण येतो, कारण भोवरा एकेका इवल्याशा कडीतच अडकतो. वाटी मात्र सलग पत्र्याची, ती नीट बोलते. शोध वाटीचा घ्या. आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळण्याची सोय, जपून वापरा: औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी आणि बारीक सोनं मशीनला जवळजवळ सारखंच वाटतं. पन्नी वगळायला गेलात, तर सोनंही वगळलं जाईल.

कधी शिवलिंग-बेलपत्राची खूण असलेला जुना होळकरी रुपयाही हाती लागेल. तो खिशात घालायचा नाही. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार 10 रुपयांहून जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं, तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर खणायचंच नाही.

सिग्नल पक्का झाला, की आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कॉइल फिरवून जागा नेमकी करा. ढेकूळ अख्खं उचला, बाजूला ठेवून त्यावर कॉइल फिरवा. एक वाटी निघाली, तरी मशीन चालूच ठेवा आणि खड्डा पुन्हा तपासा. दुसरी तिथेच आसपास असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.