साडेतेरा तास

पहाटेचे साडेपाच. पुण्यात एका पेट्रोल पंपाच्या बाजूला तीसेक सायकली लागल्यात, कुणी टायर दाबून बघतंय, कुणी थर्मासमधला चहा वाटतंय, आणि त्या गर्दीत हे काका, वय बावन्न, साधी हायब्रीड सायकल, मागे कॅरिअर. आज त्यांची पहिली २०० किलोमीटरची बीआरएम.

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, रेस नाही. हे आधी नीट समजून घ्या, कारण बरेच जण रेस समजूनच घाबरतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सहाला निघालात तर संध्याकाळी साडेसातपर्यंत पोचायचं, आणि चहा, मिसळ, पंक्चर, झाडाखाली जरा आडवं होणं, सगळं त्यातच आलं. नंबर काढतच नाहीत. आठ तासात येणारा आणि शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना येणारा, दोघांच्याही नावापुढे एकच, पूर्ण केली. पुढे ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०, आणि एका सीझनमध्ये या चारही झाल्या की तुम्हाला सुपर रँडोनर हा किताब.

आता निवडायची कशी? आधी चढ बघा. वेळ अंतरावर ठरतो, घाटावर नाही. मुंबईकडून अहमदाबाद हायवेने सपाट २०० करा नाहीतर खंबाटकी आणि पसरणी चढून २०० करा, तास तेवढेच. लोक घाटातले फोटो बघून पहिल्यांदाच तो रूट घेतात, अर्ध्यात सोडतात आणि मग सायकल वर्षभर बाल्कनीत पडून राहते, फार वाईट वाटतं हो ते बघून.

मागे गाडी नसते हेही लक्षात ठेवा. ट्यूब, पंप, टायर काढायचा लिव्हर आपलं आपण न्यायचं. हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, पुढचा-मागचा लाइट यातलं काही नसेल तर स्टार्टलाच थांबवतात आणि बरोबरच करतात, हिवाळ्यात सहाला अंधारून येतं आणि शेवटचा तास-दीड तास हायवेवर ट्रकवाल्याला तुम्ही त्या लाइटमुळेच दिसता.

एवढं एकट्याने नको वाटत असेल तर आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरची सायकलवारी निघते. मुक्काम करत, सगळ्यांनी मिळून जायचं.

पण कुठलीही राइड घ्या, नाव नोंदवायच्या आधी आयोजकांना एवढं विचारा की शेवटचा माणूस येईपर्यंत फिनिशला कोण थांबतं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर आम्ही तरी पैसे भरणार नाही.

सात वाजून अठरा मिनिटं. बाकीचे सगळे केव्हाच आलेत, काही जण घरीही गेले. टेबलापाशी दोन व्हॉलंटिअर रस्त्याकडे बघत उभे आहेत. लांबवर एक लाइट दिसतो, हलत हलत जवळ येतो. काका उतरतात, खिशातून घामाने मऊ पडलेलं ब्रेव्हे कार्ड, म्हणजे राइडच्या वेळा आणि शिक्क्यांचं कार्ड, काढतात. व्हॉलंटिअर शेवटच्या रकान्यात वेळ लिहितो, शिक्का मारतो, आणि दुसरा खुर्ची पुढे सरकवतो, बसा काका.