दोन खुर्च्या, चार काठ्या आणि फोर्थचा पूल

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. बाहेर धो धो पाऊस.)

वैनगंगा फुगली की गावाबाहेरचा रपटा पाण्याखाली जातो, तालुक्याची वाट बंद. शाळा मात्र रपट्याच्या अलीकडेच, त्यामुळे पोट्ट्यांना सुट्टी नाही. आज सरांनी व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्यात. सातवीतले दोन दणकट पोट्टे हात पसरून बसलेत. प्रत्येक मुठीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत तिरपी काठी. बाहेरच्या हातांना दोर, दोरांना विटांचे ढीग. आतल्या हातांमध्ये टांगलेली फळी, आणि फळीवर तिसरीतली पोट्टी.

“सर, मी पडून जाईन नं!”

पडली नाही.

(दृश्य : जुना कृष्णधवल फोटो.)

स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या खाडीवर रेल्वेचा पूल बांधला जात होता. तो कसा टिकेल हे लोकांना दाखवायला १८८७च्या सुमारास इंजिनिअर बेंजामिन बेकर यांनी हाच प्रयोग माणसं बसवून केला. मधे बसला होता काइची वातानाबे, जपानहून शिकायला आलेला तरुण इंजिनिअर. पटवून देणं भागच होतं. २८ डिसेंबर १८७९च्या रात्री स्कॉटलंडमधलाच टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला होता. आतलं कुणीच वाचलं नाही. तो पूल बांधणाऱ्या थॉमस बाउच यांनी वाऱ्याचा हिशेब नीट धरला नव्हता. आणि फोर्थच्या पुलाचं कामही आधी त्यांच्याकडेच होतं! ते काढून घेतलं गेलं, जॉन फाउलर आणि बेकर यांच्याकडे आलं. त्यांनी दर चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरला.

आपल्याकडे खाडी नाही. नदीचं पाणी एकाच बाजूला जातं. खाडीत समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. तिथे पाया घालायला सुमारे २१ मीटर व्यासाची प्रचंड लोखंडी पिंपं बुडवली. काहींच्या तळाशी दाबाने हवा भरली, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि त्या कोंडलेल्या हवेत माणसं उतरून गाळ उपसत. बांधकामातल्या मृत्यूंचा जुना आकडा ५७. पुढे स्थानिक अभ्यासकांनी कागद चाळले, तो ७३ झाला.

४ मार्च १८९०ला पूल खुला झाला. ५३,००० टन पोलाद, ६५ लाख रिव्हेट, दोन मुख्य गाळे (खांबांमधली अंतरं) प्रत्येकी ५२१ मीटरचे. तेव्हा काहींनी त्याला कुरूप म्हटलं. मला तो आवडतो. कुठे ताण आणि कुठे दाब, ते उघड्या डोळ्यांना दिसतं.

शेजारी १९६४ साली मोटारींसाठी झुलता पूल आला. त्याच्या मुख्य दोरांतल्या तारा गंजलेल्या सापडल्या, मग २०१७ साली तिसरा.

(दृश्य : पुन्हा व्हरांडा.)

“सर, या विटा कायले पाहिजे?”

सर बोलले नाहीत. एका बाजूचा ढीग उचलला. त्या पोट्ट्याचा बाहेरचा हात वर गेला, आतला खाली, आणि फळी टेकली जमिनीला. फोर्थला त्या विटांच्या जागी, दोन्ही टोकांना, सुमारे १,००० टन वजन आहे.

“आता माह्या नंबर,” मागून कुणीतरी ओरडलं.