लाटसाहेबांचा मुदपाकखाना

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय ‘मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची निवासस्थाने’ असा छापलाय. तो संयोजकांचा उत्साह. परळ, मलबार पॉइंट, गणेशखिंड ही नावं तुम्हाला काय सांगायची? गणेशखिंडीच्या, म्हणजे आताच्या पुणे विद्यापीठाच्या, वास्तूसमोर तर तुमच्यापैकी निम्म्यांनी विद्यार्थी असताना डबे खाल्ले असतील. मला बोलायचंय ते या घरांच्या मागच्या दाराबद्दल.

मध्यंतरी एका वारसाफेरीत एक जुना सरकारी बंगला पाहिला. झुंबरं झाली, जिना झाला, तसबिरी झाल्या. मी विचारलं, ‘स्वयंपाकघर कुठं होतं?’ मार्गदर्शक मुलगा म्हणाला, ‘सर, ते टूरमध्ये नाही.’ कधीच नसतं! 2016 साली मुंबईच्या राजभवनाखाली 13 खोल्यांचं भुयार सापडलं, तेव्हा पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. भुयार म्हटलं की आपल्याला राहवत नाही. पुण्यात तर प्रत्येक वाड्यातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार जातंच, मेट्रोच्या कितीतरी आधीपासून. (हशा) गणेशखिंड म्हटलं की आपल्याला 22 जून 1897 ची रात्र आठवते, आठवायलाच हवी. रँड तिथला हीरकमहोत्सवी समारंभ आटोपून परतत होता. पण त्या समारंभात ताटं कोणी उचलली, हे आपण कधी विचारलंय?

मुंबईला येतोच, पण आधी कलकत्त्याला जाऊ. कारण हा किस्सा सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. गव्हर्नर जनरल वेलस्लीनं 1803 मध्ये तिथं गव्हर्नमेंट हाउस पुरं केलं. नमुना इंग्लंडातल्या केडलस्टन हॉलचा. दिवाणखाने, खांब, जिने, सगळं आलं. स्वयंपाकघर मात्र घरात नाही, आवाराबाहेर! जेवण पेट्यांत भरून, बांबूला टांगून, रस्त्यावरून यायचं. म्हणजे हिंदुस्थानचा मालक रोज डबा मागवून जेवत होता. पुढच्या एका व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी लिहून ठेवलंय की स्वयंपाकघर कलकत्त्यात कुठंतरी आहे, पण या घरात नाही.

पुढं 1899 मध्ये तिथं व्हाइसरॉय म्हणून कर्झन आला. केडलस्टन हॉल त्याचं वडिलोपार्जित घर. हजारो मैल ओलांडून गृहस्थ आपल्याच घराच्या नकलेत राहायला आला. आणि करतो काय, तर बिलं तपासतो! एका महिन्यात आचाऱ्यानं 596 कोंबड्यांचे पैसे लावले होते. पुरवठादाराकडे चौकशी केली तर त्यानं दिलेल्या 290. उरलेल्या 306 कोंबड्या नुसत्या कागदावर आरवल्या. आचाऱ्याची नोकरी गेली. बंगालची फाळणी करणारा माणूस रात्री कोंबड्यांचा हिशोब जुळवत बसायचा, हे चित्र मला फार आवडतं. आणि खरं सांगू का, माझी सहानुभूती थोडी आचाऱ्याकडे आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्यात कोंबड्यांवरच कसला डोळा ठेवायचा?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. मग भरभर सांगतो.

या घरांत नोकरांचा ताफा मोठा. त्याचं खापर साहेब लोक आपल्याकडच्या जातिभेदावर फोडायचे. पाणी भरणारा भिश्ती भांडं घासणार नाही, भांडी घासणारा मसालची झाडू धरणार नाही, मग दहा कामांना दहा माणसं लागणारच. हे अर्धं खरं. दुसरं अर्धं असं की पाणी, दिवे, वारा हे सगळंच माणसांच्या हातांनी व्हायचं. त्यात मुंबईचे लाटसाहेब थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला. मागोमाग नोकर, घोडे आणि अख्खी कचेरी. परळला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसनच्या पत्नी कॉलऱ्यानं गेल्या आणि 1885 मध्ये बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं. परळच्या त्या घरात 1899 मध्ये हाफकिनची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. गणेशखिंडीचं काम गव्हर्नर फ्रेअरनं कापसाच्या तेजीत, 1864 मध्ये काढलं. 1865 मध्ये तेजी फुटली, बांधकाम मात्र 1871 पर्यंत चाललं, आणि विलायतेत उधळपट्टीची ओरड झाली.

आता दिल्ली. ल्युटेन्सचं व्हाइसरॉय हाउस, 340 खोल्या. वीज आहे, नळ आहेत. म्हणजे नोकर कमी व्हायला हवेत की नाही? माउंटबॅटनच्या काळात एकट्या बागेला 418 माळी सांगतात. त्यातली 50 पोरं फक्त पाखरं हाकलायला. पाखरं हाकलायला काही जात आड येत नव्हती! गर्दी हाच थाट होता आणि जातीचं कारण सोयीचं होतं, एवढंच माझं म्हणणं. पुढं 1948 मध्ये राजाजी गव्हर्नर जनरल झाले. त्यांनी व्हाइसरॉयच्या खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि स्वतः पाहुण्यांच्या बाजूच्या मोजक्या खोल्यांत जाऊन राहिले. महाबळेश्वरचा बंगला राहिलाच. ज्यांना त्याबद्दल विचारायचंय त्यांनी मला चहाच्या टेबलापाशी गाठावं.