22 सामने बाहेर, 52 मिनिटं मैदानात

श्रोतेहो, नमस्कार.

आज बास्केटबॉलबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही एका माणसाच्या उजव्या पायाबद्दल. माणूस म्हणजे कवाय लेनर्ड. 2018 च्या जुलैपासून 2019 च्या जूनपर्यंत कॅनडातल्या टोरांटो शहरात या पायावरून घरोघरी वाद झाले. एका बाजूचे म्हणत, हा दुखणाईत खेळाडू आपल्या गळ्यात बांधला. दुसऱ्या बाजूचे म्हणत, जरा दम धरा. मी दुसऱ्या बाजूचा. त्या वेळीही होतो, आजही आहे. का, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कवाय आधी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा खेळाडू. 2014 ला स्पर्स विजेते झाले तेव्हा अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच. पुढे 2015 आणि 2016, अशी सलग दोन वर्षं लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. आणि मग 2017-18 च्या मोसमात 82 पैकी फक्त 9 सामने खेळला. उजव्या मांडीच्या पुढच्या स्नायूची शीर दुखावलेली. संघाचे डॉक्टर एक सांगत होते, त्याचे स्वतःचे डॉक्टर दुसरं. त्यातच त्याच्याच संघातला ज्येष्ठ खेळाडू टोनी पार्कर पत्रकारांसमोर म्हणाला की माझी दुखापत अशीच होती, पण शंभर पट वाईट. झालं! पार्कर बोलून गेला आणि कवायवर शिक्का बसला. नाटकं करतो, अंगचोर आहे.

ही दुखापत तुम्हा-आम्हाला नवी नाही. गुडघेदुखी घरोघरी असते, त्यामुळे फार फोड करत नाही. स्नायूला हाडाशी बांधणारी ती शीर म्हणजे रहाटाचा दोर समजा. तुटतो तेव्हा सगळ्यांना दिसतं, पण त्याआधी एकेक पीळ झिजत असतो तो कुणाला दिसत नाही. नुसतं झोपून राहिलं तरी ती बरी होत नाही आणि रोज ताणली तर चिघळते. ताण द्यायचा, पण मोजून द्यायचा, आणि मध्ये विश्रांती. उपाय एवढाच. ऐकायला सोपा, पण स्टार खेळाडूला असा उपाय करू देणं चाहत्यांच्या जिवावर येतं.

तर 18 जुलै 2018 ला त्याच लीगमधल्या टोरांटो रॅप्टर्स संघाचे सर्वेसर्वा मसाई उजिरी यांनी सौदा केला. कवाय आणि डॅनी ग्रीन टोरांटोत, आणि बदल्यात डिमार डिरोझन, याकोब पुल्टल आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, एक खेळाडू घेण्याचा हक्क सॅन अँटोनियोला. टोरांटोकर हळहळले. डिरोझन नऊ मोसम त्यांच्याकडे खेळलेला. या शहरात कोणी टिकत नाही असं बोललं जायचं तेव्हा हा टिकला. शिवाय तो धडधाकट, आदल्या मोसमात 80 सामने खेळलेला. 80 सामने खेळणारा दिला आणि 9 सामने खेळणारा घेतला, तोही करारात एकच वर्ष उरलेला! चाहते चिडले यात त्यांचं काय चुकलं?

डिरोझनचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याने आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. एवढा मोठा खेळाडू, वर्षाला 80 सामने खेळणारा, आणि आतून इतका थकलेला. त्याचं बोलणं मला त्याच्या कुठल्याही बास्केटपेक्षा मोठं वाटतं. अंगाने धडधाकट दिसणारा माणूस ठणठणीतच असतो असं आपण धरून चालतो. आपल्या घरातल्या मुलांबाबतही हेच करतो. असो.

मोसम सुरू झाला. संघाच्या क्रीडाविज्ञान विभागाचे प्रमुख अॅलेक्स मकेक्नी. मूळचे स्कॉटलंडचे, पूर्वी लॉस एंजेलिस लेकर्सकडे होते. त्यांनी कवायचं वेळापत्रक आखलं. सलग दोन रात्री सामने असतील तर तो एकच खेळणार. मग कोणी काहीही म्हणो. आणि लोकांनी म्हटलंच. ‘लोड मॅनेजमेंट’, म्हणजे खेळाडूला ठरवून विश्रांती देणं, हा शब्द त्या वर्षी शिवीसारखा वापरला गेला. 82 पैकी 60 सामने खेळला, 22 सामने बाहेर बसला. हा आकडा लक्षात ठेवा, 22.

गंमत पाहा. तो नसताना त्या 22 पैकी 17 सामने रॅप्टर्स जिंकले. लगेच वादाला नवं तोंड फुटलं. त्याच्याशिवायच जिंकतो तर हा हवा कशाला? आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्राचं हेच पालुपद. आम्ही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खेळायचो, आणि खेळून झालं की घामेजलेल्या अंगाने तासभर भांडायचो. तो म्हणायचा, “अरे, काचेचं भांडं आहे ते. शोकेसमध्ये ठेवायचं, वापरायचं नाही.” मी म्हणायचो, मे महिना येऊ दे.

मे महिना आला. बाद फेरी सुरू होती, चार सामने जिंकेल तो संघ पुढे. 12 मेला फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना. शेवटच्या क्षणी कवायने कोपऱ्यातून चेंडू टाकला, रिंगवर चार वेळा आपटून तो आत गेला, 92-90. हा किस्सा सगळे सांगतात. त्याचा फोटोही तुम्ही पाहिला असेल, कवाय उकिडवा बसून वर बघतोय. पण श्रोतेहो, मला विचाराल तर खरा सामना तो नव्हे. खरा सामना त्यानंतर बरोबर आठवड्याने झाला, आणि तो मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

पूर्व विभागाची अंतिम फेरी, समोर मिलवॉकी बक्स. त्यांचा यानिस आंतेतोकुंपो म्हणजे जवळजवळ सात फुटी माणूस, चार ढांगांत कोर्ट ओलांडणारा, त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. पहिले दोन्ही सामने रॅप्टर्स हरले, दुसरा तर 22 गुणांनी. तिसरा सामना 19 मेच्या रात्री टोरांटोत, म्हणजे आपल्याकडे 20 मेची पहाट, साडेचारची वेळ. आदल्याच दिवशी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा झालेला, सगळीकडे एक्झिट पोलची चर्चा. आमच्या घरात मात्र टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवून मी आणि तो मित्र बास्केटबॉल बघत बसलेलो.

सामना सुरू झाला आणि लक्षात आलं की प्रशिक्षक निक नर्स यांनी डाव बदललाय. यानिसला अडवायचं काम कवायला दिलं. म्हणजे संघातल्या सगळ्यात ‘नाजूक’ माणसाने लीगमधल्या सगळ्यात दांडग्या माणसाला अंगावर घ्यायचं, आणि वर गुणही करायचे! मित्र म्हणाला, “मारणार याला आज.” आणि सामना पुढे सरकला तसा कवाय खरोखरच लंगडायला लागला. धावताना कळायचं नाही, पण खेळ थांबला, कोणी फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला एका गुणाचा मोकळा फेक, घ्यायला उभा राहिला की स्पष्ट दिसायचं. पाय टेकवताना खांदा किंचित कलायचा. हात गुडघ्यांवर टेकलेले, तोंडावर नेहमीसारखा काहीच भाव नाही.

एवढ्यात आई उठून बाहेर आली. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, तो मुलगा लंगडतोय की. बसवा त्याला.” मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही, कारण मलाही आतून तेच वाटत होतं.

चौथा भाग संपत आला. रॅप्टर्सचा आधारस्तंभ कायल लाउरी सहा फाउल होऊन बाहेर गेलेला. दोन गुणांची आघाडी, सात सेकंद उरलेले, पास्कल सियाकमला दोन फ्री थ्रो. एक जरी गेला असता तरी केवढा आधार! दोन्ही हुकले. पलीकडून ख्रिस मिडलटनने शेवटच्या क्षणी चेंडू आत टाकला आणि सामना बरोबरीत. पाच मिनिटांचा ओव्हरटाइम. तोही बरोबरीत. आणखी पाच मिनिटं. उजाडलं, पेपर दारात येऊन पडला, एक्झिट पोलचे मोठमोठे मथळे, पण तो उचलायला कोण उठणार!

दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये यानिसही फाउल होऊन बाहेर गेला. सामनाभरात 16 प्रयत्नांत त्याचे 5 बास्केट झाले, गुण एकूण 12. कवायने त्याला असा जखडला होता. आणि आता, जेव्हा कोर्टावरच्या सगळ्यांची छाती भात्यासारखी चालत होती, तेव्हा हा लंगडणारा माणूस निघाला. त्या पाच मिनिटांत आठ गुण. त्यात एक डंक तर असा, की चेंडू घेऊन सुसाट पुढे गेला, त्याच दुखऱ्या पायांवर उडाला आणि एका हाताने खाली दाबला. प्रेक्षागृह उसळलं. पहिल्या रांगेत पगडीवाले नव भाटिया दोन्ही हात वर करून उभे. भारतातून तिकडे गेलेला हा गृहस्थ रॅप्टर्सच्या पहिल्या मोसमापासून तोवर घरच्या मैदानावरचा एकही सामना न चुकवलेला. परदेशात आपला माणूस असा एका शहराचा लाडका होतो याचा मला फार अभिमान वाटतो.

118-112. रॅप्टर्स जिंकले. कवायचे गुण 36, आणि खेळला किती वेळ? 52 मिनिटं! श्रोतेहो, सामना एरवी असतोच 48 मिनिटांचा. ज्याला अख्ख्या मोसमात लोक काचेचा म्हणत होते तो त्या रात्री नेहमीच्या पूर्ण सामन्यापेक्षाही जास्त वेळ पळला, तेही यानिसच्या मागे. मित्र बराच वेळ गप्प होता. मग उठला, दारातला पेपर आईच्या हातात दिला आणि म्हणाला, “काकू, चहा टाका. नाही बसला तो.”

तिथून रॅप्टर्स लागोपाठ चार सामने जिंकले आणि मिलवॉकी घरी गेली. पुढे अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सवर 4-2, तारीख 13 जून. अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू पुन्हा कवाय. बाद फेरीत रॅप्टर्सचे एकूण 24 सामने झाले, तो सगळेच्या सगळे खेळला, सरासरी 30.5 गुण. म्हणून म्हणालो होतो, आकडा लक्षात ठेवा. 22 सामने बाहेर बसला, म्हणून 24 सामने खेळू शकला. पुन्हा सांगतो, 22 बसला म्हणून 24 खेळला. माझ्या मते त्या 52 मिनिटांची तयारी थंडीतल्या त्या रिकाम्या रात्रींतच झाली होती.

त्याच अंतिम फेरीत दुसरी बाजूही दिसली. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरांट पोटरीच्या दुखापतीतून महिन्याभराने पाचव्या सामन्यात उतरला आणि टाचेवरची शीर तुटून खाली पडला. तेव्हा टोरांटोच्या काही प्रेक्षकांनी आनंदाने ओरडा केला. रॅप्टर्सच्याच खेळाडूंना हात करून त्यांना गप्प करावं लागलं. मला ते बघवलं नाही. खेळाडू बसला तर भेकड, खेळून पडला तर टाळ्या. मग त्याने करायचं काय?

आपल्याकडेही 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार म्हटल्यावर किती आरडाओरडा झाला! आदल्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात 32 बळी घेऊन पाठ धरून बसलेला माणूस तो, सिडनीत शेवटच्या डावात त्याला चेंडू हातात घेता आला नव्हता, हे सहा महिन्यांत विसरलो आपण.

कवाय त्याच उन्हाळ्यात टोरांटो सोडून लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. तिथे 2021 च्या बाद फेरीत गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला आणि 2021-22 चा अख्खा मोसम गेला. त्यामुळे वाद पुन्हा पेटला, आता लॉस एंजेलिसमध्ये. मी त्याचा कैवार घेतो म्हणून त्याचे गुडघे मजबूत होते असं म्हणणार नाही. ते कधीच नव्हते. म्हणूनच टोरांटोने ते जपले आणि म्हणूनच त्यांना फळ मिळालं. टोरांटोकर हे विसरले नाहीत. सॅन अँटोनियोत तो पाहुणा म्हणून गेला तेव्हा त्याची हुर्यो उडवली होती, गद्दार म्हणून ओरडले होते. टोरांटोत तो 2019 च्या डिसेंबरमध्ये क्लिपर्सकडून आला, तेव्हा अख्खं प्रेक्षागृह उभं राहिलं आणि विजेतेपदाची अंगठी त्याच्या हातात ठेवली कायल लाउरीने.

आता 2023 पासून लीगने नियम केलाय की 65 सामने खेळल्याशिवाय मोसमातले मोठे पुरस्कार मिळणार नाहीत. म्हणजे 60 सामने खेळून कवायला 2019 मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम संघांत जी जागा मिळाली, ती आज मिळाली नसती. तिकिटासाठी पैसे साठवून पोराला घेऊन आलेल्या बापाची निराशा मला कळते. त्याला आधीच सांगा ना, की अमुक तारखेला हा खेळणार नाही. पण 82 सामने तसेच ठेवायचे, सलग दोन रात्री दोन शहरांत खेळवायचं आणि वर हजेरीपट हातात घेऊन उभं राहायचं, हे मला मान्य नाही. लीगने आधी सामने कमी करावेत. 70 केले तरी एकाही चाहत्याचं काही बिघडणार नाही, आणि त्या सलग दोन रात्री तर याच मोसमात बंद व्हायला हव्यात.

नमस्कार.