आठवड्याला पाच आयती

श्रोतेहो, नमस्कार.

रमजानच्या महिन्यात रोज एक पारा वाचून तीस दिवसांत कुरआन पूर्ण करणारे असंख्य लोक आहेत. तीस पारे म्हणजे भाग, ११४ सूरा म्हणजे अध्याय आणि सर्वांत रूढ मोजणीप्रमाणे ६२३६ आयती म्हणजे वचनं. या तिलावतीचं, म्हणजे पठणाचं, मोल वेगळं आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण एक दुसरा हिशेब करून पाहू. प्रेषित मुहंमदांवर कुरआन उतरला तो साधारण २३ वर्षांत. एवढ्या काळावर ६२३६ आयती सारख्या वाटल्या, तर आठवड्याला पाचच्या आसपास येतात. प्रत्यक्षात अर्थातच कधी एकदम बऱ्याच आल्या, कधी मोठा खंड पडला. तेव्हाच्या विरोधकांनी विचारलंही होतं, की हा सगळा एकदमच का उतरला नाही? तो प्रश्न सूरा फुरकानच्या ३२व्या आयतीत नोंदलेला आहे आणि उत्तरही तिथेच आहे, प्रेषितांना उद्देशून: तुझं मन त्यानं खंबीर व्हावं म्हणून.

असंच थोडं थोडं, विचार करत वाचण्याबद्दल आज बोलायचं आहे. त्याला अरबीत तदब्बुर म्हणतात. शब्दाचं मूळ द-ब-र, म्हणजे पाठ, मागची बाजू. एखाद्या वाक्यामागे काय आहे आणि ते शेवटी कुठे नेतं, हे पाहणं म्हणजे तदब्बुर. सूरा निसाची ८२वी आयत आणि सूरा मुहंमदची २४वी आयत, दोन्हींमध्ये जवळजवळ रागावूनच विचारलं आहे, की हे लोक कुरआनवर विचार करत नाहीत का? दुसरीत तर पुढे असंही विचारलंय, की मनांना कुलुपं लागली आहेत का?

मग सुरुवात कुठून करायची? पहिल्या पानापासून नको. पहिल्याच पाऱ्यापासून सूरा बकरा सुरू होते, ती २८६ आयतींची, कुरआनमधली सर्वांत लांब सूरा. नवखा वाचक उत्साहानं तिच्यात शिरतो आणि चाळिसाव्या आयतीच्या आसपास थकतो. त्यापेक्षा सूरा हुजुरात घ्या. १८ आयती, आणि विषय थेट माणसामाणसांतल्या वागणुकीचा. एका बैठकीला एक रुकू, म्हणजे सूरेचा एक छोटा भाग, पुरे. आपल्याकडच्या छपाईच्या प्रतींत समासात ऐन हे अक्षर असतं, ती रुकूची खूण. तिच्यासोबत तीन आकडे असतात. वरचा आकडा त्या सूरेतला कितवा रुकू ते सांगतो, मधला त्या रुकूत किती आयती ते, आणि खालचा पाऱ्यातला कितवा रुकू ते. रुकू साधारणपणे विषय जिथे वळतो तिथे संपतो, म्हणून थांबायला तीच जागा बरी.

आधी तेवढा भाग मोठ्यानं वाचा किंवा ऐका. मग दोन वेगवेगळे तरजुमे, म्हणजे अनुवाद, शेजारी ठेवा. एकच असला तर अनुवादकाचा शब्द आपल्याला कुरआनचाच शब्द वाटू लागतो. दोघांनी जिथे वेगळा शब्द वापरला असेल, तिथे पेन्सिलीनं खूण करा. बहुतेक वेळा खरी मेख तिथेच असते. उदाहरणार्थ ‘तक्वा’. कुणी ‘भीती’ लिहितं, कुणी ‘ईशपरायणता’. मूळ धातूचा अर्थ बचाव करणं, जपणं असा आहे, आणि तो कळला की नुसती ‘भीती’ अपुरी वाटते. ‘कुफ्र’चं मूळ झाकणं असं. सूरा हदीदच्या २०व्या आयतीत ‘कुफ्फार’ हा शब्द बहुतेक भाष्यकारांनी शेतकऱ्यांसाठी घेतला आहे, कारण ते बी मातीखाली झाकतात. एक शब्द कुरआनमध्ये आणखी कुठे कुठे आला आहे, हे शोधणं आता मोबाइलवर मिनिटाभराचं काम आहे.

त्यानंतर आगेमागे पाहायचं. सूरा माऊनची चौथी आयत एवढीच म्हणते, की नमाज पढणाऱ्यांचा नाश असो. इथे थांबलात तर अर्थ पार उलटा होतो. पुढच्या तीन आयती सांगतात, कोणते नमाजी: जे नमाजेकडे दुर्लक्ष करतात, दिखावा करतात आणि ‘माऊन’ अडवून धरतात. माऊन म्हणजे रोजच्या वापरातली साधी वस्तू. जुन्या भाष्यकारांनी भांडं, बादली, कुऱ्हाड अशी उदाहरणं दिली आहेत. आज तिथे फोनचा चार्जर किंवा शिडी ठेवून पाहा. सूरा तौबाच्या पाचव्या आयतीचंही तेच होतं. लढाईच्या आज्ञेची ही आयत द्वेष करणारेही सुटी काढतात आणि हिंसेचं समर्थन करणारेही. चौथी आयत करार पाळणाऱ्यांना वगळते. सहावी सांगते, की अनेकेश्वरवाद्यांपैकी कुणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोहोचवा. या दोन्ही आयती मात्र दोन्ही बाजू सोयीनं विसरतात.

आता हुजुरातच्या सहाव्या आयतीकडे येऊ. एखादा बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कुणाला इजा कराल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. ‘शहानिशा करा’साठी शब्द आहे ‘फतबय्यनू’, म्हणजे उलगडून घ्या. पण मान्य पठण-परंपरांपैकी काहींत, हमजा आणि किसाई या जुन्या पठणकारांच्या पठणांत, तिथे ‘फतसब्बतू’ असं वाचतात, म्हणजे पाय रोवून थांबा. अरबी लिपीतले नुकते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, काढले तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मला ही जोडी फार बोलकी वाटते, कारण फोनवर आलेला संदेश पुढे ढकलताना आपण या दोन्ही गोष्टी करत नाही.

प्रत्यक्षात करायचं काय? संदेश मुळात कुणी दिला, कधीचा आहे, फोटो त्याच घटनेचा आहे का, हे तीन प्रश्न. एकाचंही उत्तर मिळालं नाही तर संदेश तुमच्यापाशीच थांबू द्या. ‘खरं-खोटं माहीत नाही, जसं आलं तसं पाठवतोय’ ही ओळ जोडल्यानं काहीच सुटत नाही. आयत हेतूबद्दल बोलतच नाही. ज्याला इजा झाली त्याच्याबद्दल बोलते.

दुसरं उदाहरण बकराच्या २८२व्या आयतीचं. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत, आणि विषय आहे उधारी लिहून ठेवण्याचा! यातले तपशील बघा. मुदत ठरलेली हवी. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्यानं, देणाऱ्यानं नव्हे. म्हणजे दुबळ्या बाजूचे शब्दच कागदावर येतात, आणि कबुलीही त्याचीच असते. तो स्वतः सांगू शकत नसेल तर त्याच्या पालकानं न्यायानं सांगावं. साक्षीदार हवेत, आणि लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास होता कामा नये. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. रोखीच्या हातोहात व्यवहाराला मात्र सूट आहे. लिहिणं बंधनकारक की नुसतं उत्तम, यावर मतभेद आहेत. बहुतेक फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, ‘उत्तम’ म्हणतात, तर जुने भाष्यकार तबरी यांनी ते बंधनकारक मानलं.

भावाभावांत, मित्रांत उसनवारी होते तेव्हा ‘लिहून घेणं म्हणजे अविश्वास’ असं वाटतं आणि पुढे त्यावरूनच बोलणं बंद होतं. उपाय साधा आहे. घेणाऱ्यानं स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या फोनवरून लिहावं: किती घेतले, कोणत्या तारखेला, परत कधी आणि किती हप्त्यांत. दोघांच्या ओळखीच्या दोन जणांना तो मजकूर दाखवावा. आणि देणाऱ्यानं दोनच आयती मागे जाऊन २८०वी वाचावी. तिथे म्हटलंय, की कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत सवलत द्या आणि माफ केलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. हिशेब चोख आणि वसुली सैल, असं ते एकत्र वाचायचं.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी म्हणजे आयत वाचताना दुसऱ्याचा चेहरा आठवणं. निंदेबद्दलची आयत आली की शेजारी आठवतो. दुसरी चूक, प्रत्येक नव्या वैज्ञानिक शोधाला ओढून-ताणून आयत चिकटवणं. शोध उद्या बदलला की अर्थाचीही पंचाईत. तिसरी, पुस्तक कुठेही उघडून त्यात आपल्या प्रश्नाचा कौल शोधणं. आणि तलाक, वारसा, व्याज यांसारख्या विषयांत दोन तरजुम्यांच्या बळावर कुणी निवाडा देऊ नये. तिथे हदीस (प्रेषितांची वचनं व आचरण), फिकह (धर्मकायदा) आणि त्यावर मत देणारे जाणकार मुफ्ती लागतात. औषधाच्या पुडीवरची माहिती वाचणं चांगलंच, पण त्यावरून शस्त्रक्रिया करत नाहीत.

शेवटची गोष्ट वहीची. डाव्या पानावर आयतीचा क्रमांक आणि न कळलेला शब्द. उजव्या पानावर या आठवड्यात करायचं एकच काम, तेही असं की केलं की नाही हे सांगता यावं. ‘चांगलं वागेन’ चालणार नाही. ‘अमक्याकडून घेतलेल्या उसन्या पैशांचा मजकूर शुक्रवारपर्यंत लिहून पाठवेन’ हे चालेल. आठवडा संपला की शेजारी बरोबरची खूण किंवा फुली. फुली असेल तर पुढचा रुकू उघडू नका, त्याच आयतीवर आणखी एक आठवडा काढा.

नमस्कार.