अँटिबॉडी निगेटिव्ह आली म्हणून मायस्थेनिया नाही, असं कोण म्हणालं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येऊन राहिला: "सर, रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे मायस्थेनिया नाही ना?" पहिले तर मला सर म्हणू नका. मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटी लॅब चालवतो. रक्त काढतो, हा नमुना मोठ्या लॅबला पाठवतो अन् आलेला रिपोर्ट तुमच्या हाती देतो.

आजार काय, ते पटकन. मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन निघते, स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते झेलणाऱ्या प्रथिनाला, लागते, स्नायू हलतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये शरीराच्याच अँटिबॉडी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, मज्जातंतू अन् स्नायूच्या त्या जोडावर हल्ला करतात. म्हणून सकाळी बाई ठीक असते, अन् दिवसभर कापूस वेचला की संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, दुसरी भाकर चावता चावता जबडा थकतो. झालं.

आता त्या निगेटिव्हवर येऊ. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच तपासणी लिहिलेली असते, ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी. लॅब तेवढीच पाहते. आजार अंगभर असेल तर १०० मधल्या साधारण ८५ जणांत ती सापडते. मग उरलेले १५ काय नाटक करतात? अन् आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत सापडते. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंना असाच रिपोर्ट दाखवल्यावर "मनाचं आहे, आराम करा" असं सांगून परत पाठवलं होतं. त्या मला म्हणे, "पापणी का मी मुद्दाम पाडून राहिली?" शेवटी पोरानं मोबाईलवर सकाळ-संध्याकाळचा व्हिडिओ काढला, तो मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवला, तेव्हा कुठं पुढच्या तपासण्या झाल्या. तुम्हीही काढा तसा व्हिडिओ. ओपीडी सकाळची असते अन् हा आजार संध्याकाळी दिसतो.

तेच दुसऱ्या बाजूनं पाहा. २००१ मध्ये त्याच जोडावरच्या 'मस्क' नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली. कुणीतरी विचारलं, मस्क म्हणजे तो रॉकेटवाला का? नाही रे बाप्पा! तर ज्यांना तोवर निगेटिव्ह म्हणत होते, त्यातले बरेच जण एकदम पॉझिटिव्ह झाले. रक्त तेच, आजार तोच. पुढे २०११ मध्ये एलआरपी४ नावाच्या आणखी एका प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची भर पडली. मस्क तपासून घ्या म्हणतो त्याला कारण आहे. त्या रुग्णांना या आजारातल्या नेहमीच्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळीचा गुण बऱ्याचदा येत नाही, छातीतली थायमस ग्रंथी काढून सहसा उपयोग होत नाही, पण रिटुक्सिमॅब नावाचं औषध चांगलं लागू पडते.

तिसरी बाजू तपासणीच्या पद्धतीची. एलायझा नावाची पद्धत स्वस्त, पण काही अँटिबॉडी त्यात निसटतात. जुनी भरवशाची पद्धत किरणोत्सारी आयोडीनची, अन् त्यात वापरतात मण्यारीच्या विषातला एक घटक! आपली मण्यार नाही, तैवान-दक्षिण चीनकडची. तो घटक त्याच रिसेप्टरला घट्ट चिकटतो. २००८ मध्ये असं दिसलं, की जिवंत पेशींवर रिसेप्टर दाटीनं बसवले, जसे स्नायूवर असतात, तर या पद्धतीतही निगेटिव्ह आलेल्या काहींच्या अँटिबॉडी पकडता येतात. म्हणजे निगेटिव्ह कोणत्या पद्धतीनं, हेही विचारा.

मण्यारीचा विषय निघालाच तर सांगून टाकतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठला अन् दोन्ही पापण्या पडलेल्या, तर अँटिबॉडी-बिंटिबॉडी काही नाही, आधी दवाखाना गाठा. मण्यारीच्या दाताची खूण बऱ्याचदा दिसतही नाही.

निगेटिव्हनंतर काय? नसेला, म्हणजे मज्जातंतूला, सेकंदाला तीनदा हलका करंट देऊन पाहतात. स्नायूचा प्रतिसाद १० टक्क्यांहून जास्त घसरला तर संशय बळावतो. त्याआधी पायरिडोस्टिग्मिनची गोळी काही तास बंद ठेवायला सांगू शकतात, मनानं बंद करू नका. सगळ्यात बारीक पकडणारी तपासणी सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे एकेका स्नायूतंतूची विजेची तपासणी, ती मोठ्या शहरातच. अन् साधी म्हणाल तर बर्फाची: मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ, पापणी दोनेक मिलिमीटर वर आली तर डॉक्टर ते लिहून घेतात. गारव्यानं सुधारते अन् उन्हानं बिघडते. आपल्या मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत हे रुग्ण काहून कोमेजतात ते आता समजा. रक्ताची तपासणीही सहा महिने ते वर्षानं पुन्हा करतात, कारण काहींची उशिरा पॉझिटिव्ह येते.

अन् उलटंही ऐका. निगेटिव्ह असूनही मायस्थेनियाच आहे, असं स्वतः ठरवू नका. लहानपणापासून पापण्या पडलेल्या, आईवडील मामे-आतेभावंडं, तर जन्मजात प्रकार असू शकतो. त्यात अँटिबॉडी नसतातच अन् स्टेरॉईडचा उपयोग नाही.

"उपाशी यावं लागते का?" नाही. जेवून या. आधी प्लाझ्मा बदलला असेल, इम्युनोग्लोब्युलिन किंवा स्टेरॉईड घेतलं असेल तर मात्र आधीच सांगा, रिपोर्टवर फरक पडू शकतो. आणि गिळताना ठसका लागून राहिला, बोलता बोलता दम लागला, तर माझ्याकडे रिपोर्ट घ्यायला येऊ नका, सरळ व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात जा. तिथं ॲडमिट करायला रिपोर्ट लागत नाही.