गोव्याला जाताय? एक दिवस दिवाडी बेटाला द्या

नमस्कार मंडळी! सुट्ट्या लागल्या की आपल्या इंदुरातून कितीतरी कुटुंबं गोव्याला निघतात, अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई गाठायची आणि सीएसएमटीवरून सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडायची. अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याहूनही थोडं लहान, तरी बहुतेक जण कळंगूट-बागा करून परत येतात, आणि मला मनापासून वाटतं की एक दिवस तरी दिवाडीला द्यायला हवा.

त्याआधी समुद्राचं एक सांगते. आपण महेश्वरला नर्मदेत पोहलेली माणसं, आपल्याला वाटतं पाणी कळतं. पण समुद्राची ओढ वेगळी असते हो. लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही, लाल-पिवळे झेंडे असतील तर त्यांच्या मधेच पोहायचं. आणि ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जीव तोडून हात मारू नका, किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या ओढीतून बाहेर पडा. मुलांनाही हे सांगून ठेवा.

आता दिवाडी. मी आईला घेऊन गेले होते. जुन्या गोव्यातली ती मोठमोठी चर्च बघून झाली की खाली मांडवी नदीच्या धक्क्यावर या, तिथून फेरीबोट सुटते, गाड्या, स्कूटर, शाळेची पोरं सगळे एकाच बोटीत, आणि काही मिनिटांत पलीकडे. तिकडे हॉटेलं-बिटेलं फार नाहीत, भातशेती आहे, बगळे आहेत, शांतता आहे.

आणि ती शेती नीट बघा. इथली मांडवी भरतीला खारट होते, म्हणून लोकांनी पूर्वीपासून बांध घालून खाजन जमिनी, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली सखल शेतं, राखल्यात. बांधात लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं दार बंद होतं, ओहोटी लागली की उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही! खारं सोसणारा कोरगुट भात अशाच जमिनीत पिकतो. आई तर त्या दाराजवळून हलेचना.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ इथलं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं तेव्हा लोकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं, त्या गावाचं नावही नार्वेच, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ पुन्हा बांधवलं. बेटावर जुनं कोटीतीर्थ तळं अजून आहे. ते बघून आम्ही नार्व्याच्या धक्क्यावरून दुसरी फेरीबोट धरली. देवाला लोकांनी ज्या नदीपार नेलं तीच नदी ओलांडत होतो, आईनं बोटीतूनच हात जोडले. देवळात पोचलो तेव्हा दुपारची घंटा वाजत होती.